पूर्ण तिकिटाचा माणूस

आमच्या शहराला बावन्न दरवाजे होते असं सांगतात. त्यातले बरेच पडले, काही उभे आहेत, आणि जे उभे आहेत त्यांच्या कमानीत रोज सकाळी एक रिक्षा आणि एक टेम्पो समोरासमोर येऊन मागं कुणी घ्यायचं यावर अडून बसलेले असतात. एवढे दरवाजे बांधणाऱ्याला वाटलं असणार, लोकांना बाहेर पडायची सोय हवी. लोक मात्र बाहेर पडत नाहीत. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ तीसेक किलोमीटर, देवगिरीचा किल्ला त्याच्याही अलीकडे, पैठण पन्नास, अजिंठा शंभर. जगाच्या पाठीवरून माणसं तीन-तीन विमानं बदलून ही ठिकाणं बघायला येतात. एखादा जपानी पाहुणा अजिंठ्यात भिंतीसमोर हात जोडून उभा असतो, त्याच वेळी सिडकोतला माणूस दिवाणावर आडवा पडून म्हणत असतो, "आपलंच आहे, कधीही जाऊ."

आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींनी उभी नोकरी मुलांना कैलास लेणं शिकवलं. आधी कळस मग पाया, एकाच डोंगरातून वरून खाली कोरत आणलेलं, वगैरे सगळं तोंडपाठ. प्रत्यक्ष पाहिलंत का, असं विचारलं तर म्हणाले, "सहल न्यायची होती, पण दर वर्षी मुलांच्या पालकांचं एकमत व्हायचं नाही."

एकमत व्हायला बाहेरचा माणूस लागतो. आमच्याकडे तो पुण्याहून येतो. साडू आहेत. निवृत्त झाल्यापासून त्यांना पर्यावरणाची कळकळ लागली आहे, आणि मध्यंतरी मुलाकडे इंग्लंडात राहून आल्यावर ती दुप्पट झाली. फोनवरच त्यांनी जाहीर केलं, "आम्ही येतोय, पण गाडी आणत नाही. एसटीनं फिरायचं. सकाळी निघायचं, संध्याकाळी घरी. तिकडे आम्ही दर शनिवारी हेच करायचो. आज ऑक्सफर्ड, पुढच्या शनिवारी बाथ, मग ब्रायटन. नकाशावर बोट ठेवायचं आणि स्टेशनवर जायचं, बस्स."

आमच्याकडे नकाशावर बोट ठेवण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या उपासावर बोट ठेवावं लागतं, हे त्यांना फोनवर कुठं सांगणार!

शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर बैठक बसली. मी, बायको, कॉलेजातली मुलगी, अण्णा म्हणजे माझे वडील, साडू, आणि त्यांच्या सौभाग्यवती म्हणजे आमच्या हिची थोरली बहीण, ताई. बैठकीचा विषय वरवर एकच होता : कुठं जायचं. पण अशा बैठकीत खरा मुद्दा कधीच टेबलावर येत नसतो. खरा मुद्दा तिकिटाचा होता.

झालंय असं, की २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यभर एसटी फुकट झाली. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या माणसांना अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून समस्त महिलांना अर्धं. म्हणजे आमच्या घरात अण्णा फुकट, बायको अर्धी, मुलगी अर्धी. शासनाच्या कुठल्याही योजनेत न बसणारा, धडधाकट, पूर्ण तिकिटाचा माणूस घरात एकटा मी. अशा घरात ठिकाण निवडताना हितसंबंध आडवे येणारच. मला जवळचं परवडतं. अण्णांना लांबचं. दौलताबादला फुकट जाऊन वाचून वाचून वाचणार किती, असा त्यांचा सवाल असतो. म्हणून ते दर वेळी एकच ठिकाण सुचवतात.

"लोणार," अण्णा म्हणाले.

"अण्णा, दीडशे किलोमीटर पडेल. जाऊन-येऊन दिवस गाडीतच जाईल."

"मग? मी कुठं उतरायचं म्हणतोय?"

अण्णांना उल्केनं पाडलेल्या खड्ड्याशी काही घेणं-देणं नाही. त्यांचं प्रेम थेट एसटीवर आहे. त्यांच्या आधार कार्डावरची जन्मतारीख १ जून १९४८. त्यांच्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनचाच आहे, कारण शाळेत नाव घालायला नेलं की मास्तर पोराकडं नीट बघायचे आणि अंदाजानं तारीख लावून टाकायचे. पुढं कधीतरी अण्णांनी पेपरात वाचलं, की एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला सुटली तीही १ जून १९४८ लाच. तेव्हापासून एसटी ही त्यांची जुळी बहीण आहे. मी एकदा म्हणालो होतो, "अण्णा, त्या दिवशी तुम्ही निजामाच्या राज्यात होतात. ती गाडी तुमच्याकडं येणारच नव्हती."

"तेच ना. जन्मतःच ताटातूट झाली आमची."

साडूंना हे फुकट प्रकरण पटत नव्हतं. "मी तर पुढं-मागं सवलत मिळाली तरी घेणार नाही. शरीरात ताकद आहे तोवर माणसानं पूर्ण पैसे मोजावेत," ते मांडीवर थाप मारून म्हणाले. "अर्थात मला अजून अवकाश आहे. एकसष्टावं चालू आहे." डोक्यावरचे केस कुळकुळीत काळे होते. ताई त्या वेळी बडीशेप निवडत होत्या. बडीशेपेत निवडण्यासारखं काही नव्हतं.

मग वारांचं निघालं. रविवारी नको, सगळा मराठवाडा बाहेर पडलेला असतो. सोमवारी अजिंठा बंद. मंगळवारी वेरूळ बंद. गुरुवारी हिचा उपास, म्हणजे डब्यात साबुदाणा, आणि साबुदाणा गार झाल्यावर त्याचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे गुरुवार बाद. शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीला गर्दी, त्यामुळे त्या रस्त्याच्या सगळ्या गाड्या भरलेल्या. राहिले बुधवार आणि शुक्रवार.

"शुक्रवारी पाणी येईल बहुतेक," बायको म्हणाली.

आणि हा मुद्दा निघाल्यावर बैठकीतली सगळी स्थानिक माणसं ताठ बसली.

पुण्याच्या माणसाला हे समजावणं अवघड. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही. दिवसाआडही येत नाही. काही दिवसांनी येतं, आणि ते काही म्हणजे किती, हे पंचांगातही दिलेलं नसतं. आमच्याकडे लग्नाची तारीख काढताना मुहूर्तानंतर पाण्याचा दिवस बघतात. पाहुण्यांना 'या की' म्हणण्याआधी हौदात डोकावतात. पाणी सोडणाऱ्या माणसाचा मोबाईल नंबर गल्लीत डॉक्टरच्या नंबरच्या वर लिहिलेला असतो, आणि ज्याच्याकडे तो नंबर आहे त्याच्या मुलीला स्थळं चांगली येतात. आम्ही अंगणातल्या नळाची चावी कायम उघडी ठेवतो आणि खाली एक पत्र्याची बादली. रात्री दोन वाजता त्या बादलीत पहिला थेंब टण्णकन पडला, की सहा खोल्यांचं घर एकाच वेळी उठतं. सैन्यदलाची शिस्त म्हणतात ती हीच असावी.

"मग पैठणला जाऊ," साडू सहज म्हणाले. "जायकवाडी बघू."

क्षणभर कुणी बोललं नाही. आमच्या शहराचं पाणी जायकवाडीहून येतं. सत्तावीस दरवाजांचं धरण, मागं नजर पोचणार नाही एवढा नाथसागर. बाथरूममध्ये दोन तांब्यांत अंघोळ उरकायची आणि मग पन्नास किलोमीटर जाऊन एवढं पाणी नुसतं बघायचं, याला काळीज लागतं. पण माझा विरोध वेगळ्या कारणानं होता. पैठण म्हटलं की नाथांची समाधी, धरण आणि पैठणी असा क्रम ठरलेला आहे, आणि पहिली दोन ठिकाणं बायका अर्ध्या तासात उरकतात. जाताना अर्धं तिकीट आणि येताना अख्खी पैठणी, हा व्यवहार मला झेपणारा नव्हता. मी धरणाच्या पाण्यात सध्या शेवाळ असतं, असं काहीतरी बोललो.

"काका, पितळखोरे," मुलगी मोबाईल पुढं करून म्हणाली. "बघा ना, कसलं भारी."

पितळखोऱ्याची लेणी खरोखर भारी आहेत आणि अजिंठ्यापेक्षा गर्दी कितीतरी कमी. कमी का, ते तिथल्या पायऱ्या उतरताना कळतं आणि चढताना पटतं. शिवाय कन्नडपर्यंत एसटी, पुढं काय, या प्रश्नाला मुलीचं उत्तर होतं, "काहीतरी मिळेल ना." बैठकीत या उत्तराला 'बघू' म्हणतात. पितळखोरे बघू झालं.

मी म्हैसमाळ सुचवलं. "मराठवाड्याचं महाबळेश्वर म्हणतात त्याला."

"आम्हाला खरं महाबळेश्वर जवळ आहे," साडू म्हणाले. पुण्याच्या माणसाला मराठवाड्याचं काहीही दाखवायला नेलं की त्याच्याकडे त्याची मूळ प्रत निघते. बीबी का मकबरा दाखवला तेव्हा 'ताज आम्ही पौर्णिमेला पाहिलाय' असं झालं होतं.

ताईंना शनिशिंगणापूर हवं होतं. तिथं घरांना दारं नसतात, हे ऐकून बायकोच्या कपाळावर आठी पडली. ही घरातून निघताना कुलूप लावते, ओढून बघते, चार पावलं जाते, परत येऊन पुन्हा ओढते, आणि रिक्षात बसल्यावर मला विचारते, "कुलूप लावलं ना?" तिला दारं नसलेल्या गावात दिवसभर ठेवलं असतं तर दुसऱ्यांच्या घरांच्या काळजीनं तिला ताप आला असता.

राहिला देवगिरी. दोनशे मीटर उंच, तासलेला सरळ कडा, मध्ये वटवाघळांची अंधारी वाट. अण्णांचे गुडघे नाही म्हणाले. इब्न बतूता नावाच्या मोरोक्कोच्या प्रवाशानं या किल्ल्यातले उंदीर मांजरांपेक्षा मोठे असल्याचं लिहून ठेवलंय, हे मुलीनं वाचून दाखवल्यावर ताई पाय वर घेऊन बसल्या. मला मात्र हा किल्ला जिव्हाळ्याचा वाटतो, तो मुहम्मद तुघलकामुळे. सहल आखण्यात आमच्यापेक्षा वाईट माणूस इतिहासात हा एकच. १३२७ मध्ये त्यानं दिल्लीच्या माणसांना सांगितलं, चला दौलताबादला. पुढं काही वर्षांनी सांगितलं, चला परत. मध्ये हजारो लोकांचे हाल झाले, त्याला इतिहासकार वेडेपणा म्हणतात. मला वाटतं, त्याच्याही घरी आधी बैठक बसली असेल, सगळ्यांनी सगळीकडं नाही म्हटलं असेल, आणि शेवटी वैतागून तो म्हणाला असेल, आता मी ठरवतो, सगळे चला. आजही रविवारी दौलताबादच्या त्या दिल्ली दरवाजापाशी वाहनांची जी रांग अडकलेली दिसते, तिच्यातले काही लोक तेव्हापासूनचे असावेत असा माझा संशय आहे.

रात्री साडेअकराला बुधवार आणि अजिंठा ठरलं. अजिंठा कुणालाच विशेष हवा होता असं नव्हे. सगळ्यांच्या मते नको म्हणायला राहिलेलं ते शेवटचं ठिकाण होतं आणि तोवर सगळे दमले होते.

आता गाडी कुठं पकडायची? आम्ही हर्सूलच्या बाजूला राहतो. सिल्लोड-अजिंठ्याकडे जाणारी गाडी जवळून जाते. पण शहाणा मराठी माणूस वाटेत गाडी पकडत नाही. वाटेत जागा मिळत नाही. तो आधी उलट दिशेनं रिक्षा करून मध्यवर्ती बसस्थानकावर जातो, जागा धरतो, आणि त्याच गाडीतून स्वतःच्या घरावरून पुढं जातो. आमच्या घरावरून गाडी गेली तेव्हा बायकोनं खिडकीतून वाकून कुलूप बघितलं, यापलीकडे त्या रिक्षाच्या पैशांचा उपयोग झाला नाही.

बसस्थानकावर चौकशीची खिडकी असते, आणि तिथल्या माणसाच्या सहनशक्तीवर कुणीतरी संशोधन केलं पाहिजे. आमच्या पुढच्या गृहस्थानं विचारलं, "जळगाव गाडी कितीला?" वेळ सांगितली. "त्याच्या आधी नाही?" नाही. "त्याच्या नंतर?" सांगितली. "मग मधली कुठली नाही?" खिडकीतल्या माणसानं डोळे मिटले आणि उघडले. गृहस्थ बाजूला झाले आणि शेजारी उभ्या शेंगदाणेवाल्याला विचारू लागले, "जळगाव गाडी कितीला?"

हा आपला राष्ट्रीय स्वभाव आहे. खिडकीवर विचारलेलं फलाटावर पडताळायचं. गाडी आल्यावर पाटी वाचायची, पाटीवर विश्वास न ठेवता ड्रायव्हरला विचारायचं, आत चढून बसलेल्यांना विचारायचं, आणि आपण बसल्यावर नवीन चढणाऱ्यानं आपल्याला विचारलं की खांदे उडवून सांगायचं, "जाते म्हणतात."

साडूंना हे सगळं मागासलेलं वाटत होतं. तेवढ्यात फलाटावर गाडी लागली आणि गर्दी धावली. साडू इंग्लंड विसरले. एका खिडकीखाली जाऊन त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, ती परदेशातून आणलेली खाकी, चहूबाजूंनी काठ असलेली, गिर्यारोहकांची टोपी, आणि नेम धरून आत फेकली. "दोघांची जागा झाली!" ते ओरडले. नेम अचूक होता. गाडी शेजारची होती. आमची गाडी तिच्या मागं लागत होती. ते आत चढेपर्यंत त्या गाडीनं डबल बेल घेतली आणि त्यांची टोपी कन्नडला निघून गेली.

"जागा तर मिळाली," अण्णा म्हणाले. "टोपी बसली ना."

आमच्या गाडीत शेवटी सगळ्यांना जागा मिळाली. पंक्तीला पानं मांडावीत तसे आम्ही ओळीनं बसलो. कंडक्टर आला. अण्णांनी आधार कार्ड काढलं. ते कार्ड ते दाखवत नाहीत, सादर करतात. साडूंनी मोठ्यानं सांगितलं, "आमचं एक हाफ, एक फुल. फुल माझं." मागच्या दोन बाकांना ऐकू गेलं. मीही 'एक फुल' म्हटलं, पण ते कुणाला ऐकू जावं असं त्यात काही नव्हतं.

"लेणीला का?" कंडक्टरनं विचारलं. "मग फर्दापूरच्या अलीकडं टी पॉइंटला उतरा. अजिंठा गाव लागतं आधी, तिथं उतरू नका. आलं की मी सांगतो."

इतकं स्वच्छ सांगितल्यावर काही घोटाळा होण्याचं कारण नव्हतं. पण फुलंब्रीच्या आत बायकोनं डबा उघडला. गाडीनं शहर सोडलं की मराठी माणसाला भूक लागते, मग तो घरून खाऊन का निघालेला असेना. डब्यात धपाटे होते. दह्याची वाटी एका हातात, लसणाची चटणी दुसऱ्या हातात, गाडी खड्ड्यात, आणि मुलगी खिडकीबाहेर बघत आपण या कुटुंबात नाही असं दाखवत होती. समोरच्या आजीबाईंनी मान वळवून वास घेतला. बायकोनं त्यांना अर्धा धपाटा दिला, त्यांनी पिशवीतून पेरू काढून दिला, आणि सिल्लोड येईपर्यंत दोघींनी एकमेकींच्या सुनांची, म्हणजे आजीबाईंच्या असलेल्या आणि आमच्या नसलेल्या, माहिती दिली-घेतली. अण्णांना लहान मुलासारखी झोप लागली होती. जुळ्या बहिणीच्या मांडीवर असल्यावर लागणारच.

साडू मात्र जागे होते. त्यांनी मोबाईलवर नकाशा लावला होता आणि त्या निळ्या ठिपक्याच्या मागं ते प्रवास करत होते. त्यांनी अचानक मान वर केली. दुकानावर पाटी होती, अजिंठा. हॉटेलवर पाटी होती, अजिंठा. "आलं! उतरा!" ते ओरडले. बायकोनं डबा आवळला, ताईंनी चपला शोधल्या, अण्णांना हलवलं, आणि आम्ही सहाही जण उतरलो. कंडक्टर पुढच्या दारापाशी हिशेब करत होता. गाडी सुटल्यावर त्यानं मागच्या काचेतून आमच्याकडं बघितलं. तो चेहरा मला अजून आठवतो. 'सांगितलं होतं' हे शब्द न वापरता इतकं स्पष्ट मला आजवर कुणी म्हटलेलं नाही.

लेणी तिथून पुढं दहा-बारा किलोमीटर, घाट उतरून. आम्ही चहाच्या टपरीवर बसलो. टपरीवाल्याला आमच्यात काही नवल वाटलं नाही. "रोज एक तरी उतरतं," तो म्हणाला. मुलीनं मोबाईलवर शोधून सांगितलं, की मेजर रॉबर्ट गिल नावाचा साहेब १८४४ पासून लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला आला, तोही याच गावात मुक्कामाला राहिला. इथल्याच पारू नावाच्या मुलीवर त्याचा जीव जडला. तिची कबर याच गावात आहे. त्यानं वर्षानुवर्षं खपून केलेली चित्रं इंग्लंडला नेली, तर ती १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळी जळाली.

"म्हणजे इथं उतरलेल्या माणसाचं काही खरं नाही," ताई म्हणाल्या. त्या दिवसभरात एवढं एकच लांब वाक्य साडूंकडं बघून बोलल्या.

पुढची गाडी, मग टी पॉइंट, तिथून लेण्यांपर्यंतच्या चार किलोमीटरसाठी वेगळी बस, असं करत पोचलो तेव्हा ऑक्टोबरचं ऊन वाघूर नदीच्या त्या नालाकृती खडकावर आडवंतिडवं तापलेलं होतं. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या मागावर आला आणि त्याला ही लेणी दिसली. त्याला कुणी टी पॉइंट सांगितला नव्हता, म्हणून जमलं.

लेण्यांचं वर्णन मी करत नाही. ते करायला गुरुजी आहेत. पण पहिल्या लेण्यात आत गेल्यावर, डोळे अंधाराला सरावल्यावर, भिंतीतून हळूहळू तो कमळ धरलेला हात आणि खाली झुकलेली नजर वर येते, तेव्हा आमच्यासारखी बडबडी माणसंही गप्प होतात. साडूसुद्धा याची मूळ प्रत दुसरीकडं कुठं आहे हे सांगू शकले नाहीत. शेजारच्या घोळक्याचा गाइड हळू आवाजात म्हणाला, "हा पद्मपाणी."

"पाणी?" बायको दचकली. आणि पर्स उघडत बाहेर पळाली.

बाहेरच्या ओट्यावर उभं राहून तिनं शेजारच्या काकूंना फोन लावला. पाणी आलं होतं. शुक्रवारचं पाणी बुधवारीच आलं होतं. काकूंनी आधी आपला हौद भरला, मग आपली टाकी, मग अंगण धुतलं, आणि मग त्यांना आपल्याकडे आमची किल्ली असल्याचं आठवलं. "तुमची बादली भरलीय," त्या म्हणाल्या. त्यानंतरच्या लेण्यांत बायकोचं लक्ष लागलं नाही. दर दोन लेण्यांमागे ती एक भांडं मोजत होती, पिंप, घागर, कळशी, आणि कशात किती उरलंय याचा ताळा मांडत होती.

परतीची गाडी भरून आली. कॉलेजच्या एका मुलानं उठून अण्णांना जागा दिली. आम्ही बाकीचे दांडीला धरून उभे. कंडक्टर एक ताई होत्या, तिशीच्या, खांद्याला पर्स, हातात तिकिटाचं मशीन, आणि एवढ्या गर्दीतून त्या अशा येत होत्या की वाट त्यांना बघून होत होती.

"किती?"

"सहा," साडू पुढं होऊन म्हणाले. "एक फुकट, तीन हाफ, दोन फुल."

कंडक्टरताईंनी त्यांच्याकडं बघितलं. मीही बघितलं. टोपी कन्नडला गेल्यामुळे दिवसभराचं ऊन सरळ डोक्यावर पडलं होतं. घाम आला होता, आणि घामाबरोबर कानशिलावरून एक काळी रेघ खाली उतरून शर्टाच्या कॉलरपर्यंत पोचली होती. तिच्या वर, जिथून ती निघाली होती तिथं, पांढरं शुभ्र उजाडलं होतं.

"काका, आधार असंल तर दाखवा की," त्या प्रेमानं म्हणाल्या. "तुमचं पण हाफ होईल."

"माझं कसं होईल? एकसष्ट चालू आहे."

"बरं. बघा, उगं पैसे जाऊ नयेत म्हणून म्हटलं."

त्या मशीनवर बोट ठेवणार एवढ्यात खिडकीबाहेर बघत ताई म्हणाल्या, "दाखवून टाका. इथं कोण आहे ओळखीचं?"

आम्ही चौघंही ओळखीचे होतो. पण साडूंनी पाकीट काढलं. कार्ड बाहेर यायला वेळ लागला, ते सगळ्यांत आतल्या कप्प्यात, दोन देवांच्या फोटोंमागं होतं. कंडक्टरताईंनी ते उजेडात धरलं आणि ज्या आवाजात त्या थांब्यांची नावं पुकारत होत्या त्याच आवाजात वाचलं, "एक जून, एकोणीसशे साठ. झाले की हो पासष्ट!"

गाडीत जरा शांतता झाली. बायको बोटांवर काहीतरी मोजत होती. "ताई," ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या लग्नात बाबांना सांगितलं होतं ते..."

"ती मास्तरांनी लावलेली तारीख आहे!" साडू ओरडले. "आमच्या वेळी शाळेत अशीच लावायचे. खरी कुणाला माहीत आहे!"

अण्णांचे डोळे उघडले. "एक जून?" ते म्हणाले, आणि सत्त्याहत्तर वर्षांचे अण्णा दांडी धरून, गुडघ्यांवर हात टेकत उठून उभे राहिले. "अहो, मग आधी बोलायचं नाही का? या, या, बसा इथं."

साडू नको नको म्हणत होते, पण मागच्या दोघांनी त्यांना धरून बसवलं.

"मग हाफ चार झाले," कंडक्टरताई म्हणाल्या. "फुल एकच. कुणाचं ते?"

मी हात वर केला.

"सुट्टे द्या," त्या म्हणाल्या.